डायल २५ वर, करंट २६.६. रेक्टिफायर दुरून चालवताना आकडा का फुगतो?

मिऱ्याचा_वायरमन

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धवट लिहिलं की पहिली तीन उत्तरं "फोटो टाका" अशीच येतात. म्हणून सगळंच सांगतो.

रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीत माझी निकेल प्लेटिंगची छोटी शेड आहे. आधी एकवीस वर्षं जहाजावर इलेक्ट्रिशियन होतो, मग गुडघ्यांनी ऐकायचं सोडलं तसा घरी आलो. काम म्हणजे नळ, दाराच्या मुठी, होमस्टेवाल्यांच्या जुन्या कड्या-कोयंडे, कधी बोटीवरचे हुक. समई घेऊन कोणी आलं तर परत पाठवतो. समई पितळेचीच बरी.

रेक्टिफायर, म्हणजे टाकीला डीसी करंट देणारा सप्लाय, ० ते ३० व्होल्ट, ५० अँपिअरचा, स्विचिंगवाला. आधीचा टँकच्या शेजारीच ठेवला होता. त्याच्या पंख्याने दोन पावसाळे टाकीची वाफ आणि समुद्राकडचा खारा वारा पोटभर ओढला आणि तिसऱ्या जूनला बोर्डावरचे ट्रॅक हिरवे होऊन तो गेला. म्हणून नवा भिंतीपलीकडच्या कोरड्या खोलीत बसवला. तिथून टँकपर्यंत २५ स्क्वेअर एमएमच्या दोन लवचीक केबली, प्रत्येकी १० मीटर.

आता दर जिगला, म्हणजे माल टांगलेल्या चौकटीला, करंट बदलायला खोलीत कोण पळणार, तेही या गुडघ्यांनी? सप्लायच्या पाठीला २५ पिनांचा कनेक्टर आहे. त्यावर ० ते १० व्होल्ट दिले की ० ते ५० अँपिअर मिळतात, म्हणजे एका व्होल्टला ५ अँपिअर. टँकपाशी प्लास्टिकची डबी केली. आत १२ व्होल्टचा अॅडॉप्टर, त्यावरून १० व्होल्टचा रेफरन्स (पक्का ठरलेला व्होल्टेज), दहा फेऱ्यांचा पॉट (पोटेन्शिओमीटर) आणि वर आकड्यांचा डायल. करंट बघायला त्याच डबीत लाल आकड्यांचा पॅनेल मीटर बसवला, त्याला त्याच अॅडॉप्टरवरून सप्लाय दिला. मीटरचा शंट (ज्यावर पडणाऱ्या मिलिव्होल्टवरून करंट कळतो तो ठोकळा) ५० अँपिअर ७५ मिलिव्होल्टचा, निगेटिव्ह केबलमध्ये टँकच्या टोकाला. डबीतून सप्लायपर्यंत अर्धा स्क्वेअर एमएमची दोन कोअर वायर गेली आहे, एक सिग्नल, एक कॉमन म्हणजे परतीची.

डिसेंबरात लावलं तेव्हा डायल २५ ला २६ अँपिअर येत होते. म्हटलं पॉट असेल थोडा इकडेतिकडे. आता श्रावणात बघतो तर १० ला १०.६, २५ ला २६.६ आणि ४० ला ४२.५! सप्लायच्या तोंडावरचा आकडाही तोच, म्हणजे मीटर खोटा नाही. डबीत पॉटच्या मधल्या पायावर मोजलं तर २५ ला बरोबर ५.०० व्होल्ट. मग वरचे दीड अँपिअर येतात कुठून?

डायल थोडा मागे फिरवून जुळवता येतं, ते मलाही कळतं. पण मी जाडीचा हिशेब अँपिअर गुणिले मिनिटं असा वहीत मांडतो, आणि पोरगा माझ्यामागे डायल बघूनच काम करतो. निकेल काय फुकट येतं?

दोन उपप्रश्न. रिमोट सेन्सच्या तारा (लांबच्या टोकाचे व्होल्ट सप्लायला दाखवणाऱ्या) टँकपर्यंत नेल्या तर हे जाईल का? आणि एक्झॉस्टचा ब्लोअर सुरू झाला की आकडा अर्धा अँपिअर वरखाली नाचतो, त्याचं काय?

लोटे_दुसरी_शिफ्ट

काका, एवढं डोकं कशाला लावताय? चूक सगळीकडे सहा टक्केच आहे ना. १०.६, २६.६, ४२.५, सगळ्यांना भागून बघा. म्हणजे गेन, सिग्नलचा गुणक, जास्त आहे. पॉटच्या वरच्या पायाला एक ट्रिमर (जुळवणीचा छोटा पॉट) घाला, रेफरन्स १० वरून ९.४ वर आणा. पाच मिनिटांचं काम. आमच्या मेंटेनन्समध्ये असंच करतात.

रिमोट सेन्सचं म्हणाल तर तो व्होल्टेजसाठी असतो. तुम्ही कॉन्स्टंट करंटवर चालवताय, तिथे त्याचा काही उपयोग नाही.

मिऱ्याचा_वायरमन

सेन्सचं पटलं, धन्यवाद. ट्रिमरचं मन घेत नाही. डिसेंबरात चार टक्के होतं, आता सहा आहे. दिवाळीत आठ झालं की परत ट्रिमर फिरवू? जहाजावर आमचा चीफ असल्या दुरुस्तीला "जखमेवर रंग" म्हणायचा.

खाडीपलीकडची

दादा, ट्रिमर लावू नका, तुमचं मन बरोबर सांगतंय. मी गुहागरची, एका केमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. हाच घोळ मी दोनदा पाहिला आहे. एकदा तर स्वतःच करून ठेवला होता.

चूक प्रत्येक आकड्याला सारख्याच टक्क्यांनी आहे, हाच धागा. पॉट किंवा ऑफसेट चुकला असता तर १० ला आणि ४० ला साधारण तेवढेच अँपिअर जास्त दिसले असते. इथे करंट वाढेल तशी चूक वाढते. नुसता गेन चुकला असता तरी असंच दिसलं असतं, पण तुमच्या डबीत ५.०० बरोबर आहेत आणि चूक डिसेंबरपासून वाढतेय. म्हणून माझा संशय, सिग्नलमध्ये कुठून तरी लोडचाच करंट शिरतोय.

तुमचा सप्लाय साधा असेल, आयसोलेटेड अॅनालॉग कार्डवाला (सिग्नलची बाजू आउटपुटपासून तोडलेला) नसेल, तर पाठीमागच्या कनेक्टरचा कॉमन आतून आउटपुटच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. मॅन्युअलमध्ये ही ओळ बारीक अक्षरात असते आणि कोणी वाचत नाही. आता डबीकडे बघा. तुमच्या त्या पॅनेल मीटरची अॅडॉप्टरकडची काळी वायर आणि शंटकडची काळी वायर आतून एकच असतात, स्वस्त मीटरमध्ये बहुतेक असंच. मीटर आणि रेफरन्स एकाच अॅडॉप्टरवर आहेत. म्हणजे डबीचा ग्राउंड मीटरमधून थेट टँकच्या टोकाच्या निगेटिव्हला जाऊन भिडलाय.

सप्लायचा निगेटिव्ह आणि टँकचा निगेटिव्ह कागदावर एकच. पण मधे १० मीटर केबल आहे आणि तिच्यातून २५ अँपिअर परत येताहेत. टँकचं टोक सप्लायपेक्षा काही दशांश व्होल्ट वर उचललं जातं, आणि त्याच्याबरोबर तुमची डबीही. डबीत उभं राहून मोजाल तर ५.०० च दिसणार. सप्लायला मात्र ५.०० अधिक ती उचल दिसते. करंट वाढला की उचल वाढते, उचल वाढली की करंट अजून थोडा वाढतो.

दोन गोष्टी करून बघा. एक, डायल २५ वर ठेवून मल्टिमीटरने सप्लायच्या निगेटिव्ह बोल्टपासून डबीच्या ग्राउंडपर्यंत व्होल्ट मोजा. लांब वायरचा तुकडा लागेल. दोन, पॅनेल मीटरच्या सगळ्या वायरी सोडवून ठेवा, करंट सप्लायच्या तोंडावर वाचा. काय येतं ते लिहा.

मालवणी_बोका

काका, तुमचो डायल खोटा बोलणा नाय, तुमची निगेटिव्ह खोटा बोलता.

ताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त एक धोक्याची गोष्ट घालतो, कारण कोणी तरी "मग रेझिस्टन्स मोडवर टाका, बाहेरचे व्होल्ट द्यायलाच नकोत" असं सुचवेल. मीही तेच केलं होतं. त्या मोडला सप्लाय स्वतःच १ मिलिअँपिअर बाहेर ढकलतो आणि तुमच्या पॉटवर पडणारा व्होल्टेज वाचतो. १० किलोओहमला १० व्होल्ट, फार सुटसुटीत. एका रात्री उंदराने पॉटची वायर कुरतडली. तुटलेली वायर म्हणजे सप्लायच्या लेखी अनंत ओहम. गेला फुल करंटला! सकाळी जिगवर मुठींच्या जागी कोळसे लोंबत होते, कडेची निकेल पापुद्र्यासारखी सुटत होती. काही सप्लायमध्ये उलटी सेटिंग असते, वायर तुटली की शून्य. आधी मॅन्युअल बघा.

तुमच्या व्होल्टेज मोडलाही सप्लायच्या टोकाला सिग्नल आणि कॉमनमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर घाला. वायर तुटली तर इनपुट हवेत लोंबत राहत नाही, शून्यावर येऊन बसतो.

मिऱ्याचा_वायरमन

बाहेर पाऊस असा कोसळतोय की पत्र्याखाली स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. पण मोजलं.

सप्लायच्या निगेटिव्हपासून डबीच्या ग्राउंडपर्यंत, डायल २५, करंट २६.६: ०.३२ व्होल्ट. डायल शून्यावर नेला की शून्य.

मीटरच्या वायरी सोडल्या. डायल २५ ला सप्लाय २५.०, ४० ला ४०.१.

ताई, तुमच्या पायाला हात लावायचा राहिला. एकवीस वर्षं मी जहाजाच्या पोटात पोरांना बजावत होतो की ग्राउंड म्हणजे जमीन नव्हे, ग्राउंड म्हणजे वायर आणि वायरीला ओहम असतात. आणि घरच्या डबीत हेच विसरलो.

खाडीपलीकडची

पायाला हात नको दादा, पण काम संपलेलं नाही. तुमच्याच आकड्यांनी आता मला झोप येणार नाही.

०.३२ भागिले २६.६ म्हणजे १२ मिलिओहम. तुमची केबल २५ स्क्वेअरची, १० मीटर. लवचीक तांब्याचा दर मीटरला पाऊण मिलिओहमच्या जरा वर येतो, म्हणजे सगळी केबल मिळून ७.८. वरचे चार मिलिओहम कुठे आहेत?

आणि डिसेंबर आठवा. तेव्हा २५ ला २६ येत होते, चार टक्के. नुसत्या केबलने साधारण तेवढीच चूक यायला हवी. म्हणजे तेव्हा निगेटिव्हचे सांधे चांगले होते आणि पावसाळ्यात कुठे तरी चार मिलिओहम उगवले. ४२ अँपिअरला चार मिलिओहम म्हणजे सात वॉटच्या वर उष्णता, तीही एका लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या बोल्टाच्या जोडात. हात लावून बघा. जपून.

दुसरं जास्त वाईट. मीटर जोडलेला असताना तुमच्या अर्ध्या स्क्वेअरच्या कॉमन वायरीतून आताच साधारण अर्धा अँपिअर जात होता, कारण ती जाड निगेटिव्हला समांतर होती. तो लग पूर्ण सुटला असता तर? टँकचा सगळा करंट परतीचा रस्ता शोधत मीटरच्या काळ्या वायरीतून, तुमच्या डबीतून, त्या २५ पिनांच्या कनेक्टरमधून सप्लायमध्ये शिरला असता. आधी मीटर जळला असता, किंवा कॉमन वायर, किंवा सप्लायचं इंटरफेस कार्ड. तुमचा तो सहा टक्के फुगलेला आकडा खरं तर लग मरतोय हे सांगत होता. ट्रिमर लावला असता तर ते ऐकूच आलं नसतं.

लोटे_दुसरी_शिफ्ट

मान्य. ट्रिमरवालं उत्तर मागे घेतो. पण ताई, केबल ५० स्क्वेअर केली असती तर निम्मं झालं असतंच ना?

खाडीपलीकडची

केबलचा वाटा निम्मा झाला असता रे, पण गेला नसता. आणि सुटलेल्या लगला केबलची जाडी वाचवत नाही.

मिऱ्याचा_वायरमन

सापडला.

शंटच्या सप्लायकडच्या बोल्टावरचा लग. वरून हीट श्रिंक असल्यामुळे काही दिसत नव्हतं. ४० ला दहा मिनिटं चालवून मल्टिमीटरची एक पिन केबलच्या तांब्यात टोचली, दुसरी शंटच्या पितळी ठोकळ्यावर: १७० मिलिव्होल्ट. बोट लावलं तर चटका. श्रिंक कापून काढला तर आत क्रिंपच्या, म्हणजे लग केबलवर दाबलेल्या जागेच्या, तोंडाशी हिरवट-निळी भुकटी, मोरचुदासारखी, आणि तांब्याच्या बाहेरच्या तारा तर नखाने तुटत होत्या. तो लग मीच मारला होता, हातोडी-पंचाने, कारण त्या दिवशी क्रिंपिंगचं मशीन शेजारच्या शेडवाल्याने नेलं होतं. बिनकल्हईचा तांब्याचा लग, वर टाकीची वाफ, वर खारी हवा. कोणाला बोल लावणार?

काय केलं ते लिहितो, कोणाला उपयोगी पडलं तर पडलं. केबल चार बोटं मागे कापली, जिथे तांबं गुलाबी दिसलं तिथून. कल्हईवाला लग, हायड्रॉलिक क्रिंप, आतून गोंद असलेला श्रिंक. बोल्ट आवळायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. आता ४० ला त्या सांध्यावर दोन मिलिव्होल्टही पडत नाहीत. मग उरलेले तीनही लग उघडले. पॉझिटिव्हचा एक आजारी निघाला, त्याने मात्र डायलला काही कळवलं नव्हतं.

शंट मी अजून टँकपाशीच ठेवला आहे, पण पॅनेल मीटरला वेगळा अॅडॉप्टर दिला. दोन्ही अॅडॉप्टरचे काळे एकमेकांशी कंटिन्युइटी दाखवत नाहीत हे बझरवर बघून घेतलं. आकडे: १० ला १०.०, २५ ला २५.०, ४० ला ४०.१.

ब्लोअरचा नाच राहिला आहे. ब्लोअर व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, आहे, आणि सिग्नलची वायर त्याच्या मोटर केबलीबरोबर एकाच ट्रेमधून सहा मीटर जाते. हे लिहितानाच उत्तर कळतंय, तरी विचारतो.

मालवणी_बोका

उत्तर कळता तर विचारतास कित्याक?

साधी दोन कोअर काढा, पिळलेली जोडी घ्या, वर शील्ड. व्हीएफडीच्या केबलीपासून फूटभर लांबून न्या, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. शील्ड फक्त सप्लायच्या टोकाला जोडा. डबीकडे कापून टेप मारा. दोन्हीकडे जोडाल तर आत्ताच मोडलेला ग्राउंडचा लूप शील्डमधून परत तयार कराल.

आणि हो, शील्ड बाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यावर न्यायचा विचार असेल तर सोडा. आमच्याकडे जांभ्यात खड्डा केला, मीठ-कोळसा घातला, पावसात छान वाटतो. एप्रिल-मेमध्ये मोजला की रडू येतं.

मिऱ्याचा_वायरमन

केलं. नाच थांबला. शेवटचा आकडा आता एकाने हलतो, तेवढं चालतं.

आता पुढचं डोक्यात आहे. मुठींना सुरुवातीला करंट हळूहळू चढवायचा, दोन मिनिटांत ५ वरून २५ वर, आणि ते पोराच्या हातून नको. एक जुना छोटा पीएलसी (प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) पडून आहे, त्याला ४ ते २० मिलिअँपिअरचं आउटपुट आहे. ५०० ओहम लावले की १० व्होल्ट होतात. बरोबर ना?

खाडीपलीकडची

२० ला १० होतात, पण ४ ला २ होतात. तुमच्या सप्लायला २ व्होल्ट म्हणजे १० अँपिअर. पीएलसी "शून्य" म्हणेल आणि टाकीत १० अँपिअर चालू असतील.

त्यापेक्षा मधे आयसोलेटर घ्या, ४ ते २० मिलिअँपिअर आत, ० ते १० व्होल्ट बाहेर, दोन्ही बाजू एकमेकांपासून तोडलेल्या. तो सप्लायशेजारीच कोरड्या खोलीत बसवा. लांबचं अंतर मिलिअँपिअरला चालू द्या. करंट सिग्नलला वायरीच्या ओहमचं सोयरसुतक नसतं, आणि वायर तुटली तर ४ च्या खाली जातो, म्हणजे तुटली हे कळतं. ० ते १० व्होल्टमध्ये शून्य आणि तुटलेली वायर सारखीच दिसतात. आणि आउटपुट बंद करायला सिग्नल शून्य करण्यावर विसंबू नका. त्याच कनेक्टरवर चालू-बंदचा वेगळा कॉन्टॅक्ट असतो, तो एका रिलेवर आणि लाल मशरूम बटणावर घ्या.

मिऱ्याचा_वायरमन

बरं झालं विचारलं, नाहीतर दहा अँपिअरच्या शून्यावर पोराला उभा केला असता. आयसोलेटर मागवतो. गणपतीच्या आधी येतो का बघू, चतुर्थीपर्यंत चार होमस्टेच्या कड्या द्यायच्या आहेत, तोवर हातानेच चढवतो.

ताई, गुहागरहून कधी इकडे आलात तर शेडवर या. घरची समई असेल तर आणू नका, बाकी काहीही आणा.